हिरीबाईची झडती

"हातानं नोको घेऊ वं झडती, हिरे. हात आंधळा असते. तोंडानं घे."

रंगूबाईचा हा आवाज हिरीबाईच्या कानात एकवीस वर्षं झाली तरी जसाच्या तसा होता. तंबाखूनं जाड झालेला, दर चौथ्या शब्दाला खोकल्याशी ठेचाळणारा. रंगूबाई गेली, तिच्या मागं तिचा खोकला गेला, पण आवाज काही गेला नाही. तो फाटकापाशीच राहिला.

फाटक म्हणजे कारंज्यातल्या शिखरचंद शेठच्या जिनाचं, कापसाच्या कारखान्याचं. संध्याकाळी भोंगा झाला की सरकी काढणाऱ्या रेच्यांवर दिवसभर कापूस घालणाऱ्या साठ बाया ओळीनं बाहेर पडायच्या. फाटकाशी तट्ट्याचा एक आडोसा होता. आत एक बाई बसायची आणि कोणी निरीत, ओच्यात, अंबाड्यात रुई घेऊन चालली आहे का ते बघायची. तिला म्हणायचे झडतीवाली. आधी रंगूबाई होती, मग हिरीबाई आली.

रंगूबाईची रीत अशी, की प्रत्येक बाईनं आडोशात यायचं, दोन्ही हात पसरायचे आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं. उखाण्यात. रांडमुंड असेल तर देवाचं घ्यावं, नाहीतर लेकराचं. पण घ्यायचं यमकात, आणि रोज नवं. जिच्या निरीत शेरभर रुई, तिचं अर्धं चित्त निरीत नि अर्धं यमकात. मग नाव कुठंतरी अडतंच. एकदा तर एकीनं गडबडून थोरल्या दिराचंच नाव घेतलं. रुई सापडली ती सापडलीच, वर तिच्या घरी वेगळी झडती झाली ती आठ दिवस चालली.

अंगाला हात न लावता चोर धरायची ही विद्या. साऱ्या वऱ्हाडात कोणाकडे नव्हती, असं हिरीबाईला वाटायचं. आणि ते खरंही असावं.

पण रंगूबाईनं जाताना दुसरी एक गोष्ट तिच्या ओटीत घातली होती. "एखादी म्हनन, हिरे, आज नाव नाई घेत. तिले जाऊ दे. तिच्या कमरेले एक मूठ रुई असन. एकच मूठ. ते चोरी नोहे. ते चार दिवसाचं हाय. त्या दिवसात बाई देवाचं नाव घेत नाई, मालकाचंबी घेत नाई. अन् हे बाप्या मानसाले सांगू नोको. मेली तरी."

हिरीबाईला उलगडून सांगायची गरज नव्हती. जिच्या घरी एकच लुगडं अंगावर नि एकच वाळत, तिनं चार दिवसांसाठी फडकं आणायचं कुठून? बहात्तरच्या दुष्काळात तर जुनेर म्हणून काही उरलंच नव्हतं, सगळं अंगावरच जुनं झालं होतं. मग फाटक्या पट्टीत मूठभर रुई घालायची नि वेळ काढायची. कापूस तर दिवसभर त्यांच्या केसांत जायचा, भिवयांत बसायचा, नाकातोंडातून छातीत उतरायचा. तेवढ्याची झडती कोणी घेत नव्हतं.

म्हणून आडोशात "आज नाव नाई" असं एखादीनं म्हटलं, की हिरीबाई नुसती मान हलवायची. बाई पुढं जायची. मागची यायची, हात पसरायची.

*

दुष्काळ सरून दोन हिवाळे झाले होते. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हाती घेतली होती आणि शेठच्या जिनात आता सरकारचा कापूस सरकी काढून, दाबून, गठाणी होऊन जायचा. दुसऱ्याचा माल म्हटल्यावर शेठला झोप लागेना. त्यांनी अकोल्याच्या 'गरुड पहारा सर्व्हिस'ला जिन राखायचं काम दिलं. आणि एका सकाळी एस.टी.तून गरुड उतरला.

त्याचं नाव उकंडराव. पलटणीतून निवृत्त, मिशा टोकाला वळवलेल्या, काखेत वेताची छडी. पलटणीत काय केलंत, असं कोणी विचारलं की तो आकाशाकडं बघायचा. पुढं कळलं, की पंधरा वर्षं त्यानं भांडारात घोंगड्या राखल्या होत्या. पण राखल्या चोख. एकही घोंगडी पाकिस्तानात गेली नाही.

त्याच्याजवळ एक पुस्तिका होती. 'पहारेकऱ्याची आचारसंहिता, कलमे एकवीस.' पहिल्याच दिवशी त्यानं म्हाताऱ्या चौकीदाराला, लखीरामला, आणि हिरीबाईला उन्हात उभं केलं आणि वाचायला लागला.

"कलम तीन. पहारेकऱ्यानं रोज सकाळी दाढी करावी."

"माही कोन करन?" हिरीबाईनं विचारलं. "वस्तरा तुमी आनता का मी आनू?"

लखीरामला हसू आवरेना. उकंडरावनं छडी मांडीवर आपटली. "शिस्त! कलम चार. छाती बत्तीस इंच, फुगवून चौतीस."

"मोजा ना बाप्पा. पन टेप घेऊन तुमची बायको येऊ द्या. अन् तिलेबी सांगा, फुगवाले लावशीन त मी फुगते ते तोंडानं फुगते."

कलम चार तिथंच गळालं. गणवेश मात्र गळाला नाही. अकोल्याहून खाकी विजार आली. ती हिरीबाईनं दोन बोटांत धरून पाहिली, नाकाला लावून पाहिली आणि लखीरामच्या अंगावर टाकली. "घे रे, थंडीचे दिवस हायेत. एकीवर एक घाल." शेवटी तोड निघाली. लुगडं तेच, त्यावर खाकी सदरा, सदऱ्यावर पट्टा, पदरावर टोपी, गळ्यात शिट्टी. अशी ती फाटकात उभी राहिली तेव्हा कापसाच्या गाडीचे बैल बिचकले आणि गाडी उलटी फिरली. दुसऱ्या दिवशी रेच्यांवर ओवी तयार होती, आणि ती कोणी रचली हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारण जिच्यावर रचली तीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती:

अंगात खाकी सदरा, वर टोपीचा तोरा
हिरीले पाहून बुजला, गाडीचा बैल गोरा

लखीरामला सलामीचं कलम एवढं आवडलं, की तो येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांना सलाम ठोकायला लागला. शेठना, मुनीमजींना, सरकी न्यायला येणाऱ्या तेल्याला, तेल्याच्या खेचराला. सलाम करताना दोन्ही डोळे मिटायची त्याला सवय, त्यामुळं तेवढ्यात कोण आत गेलं ते त्याला कळायचं नाही.

*

उकंडराव माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. तो कामाचा होता. दोन महिने तो आडोशाबाहेर पाठ करून उभा राहिला आणि आतले उखाणे ऐकत राहिला. तुळसाबाईचा उखाणा त्याला पाठच झाला. तुळसा ही चौथ्या रेच्यावरची, जिनातल्याच जगदेव हमालाची बायको. नवरा पाठीवर गठाणी वाहायचा नि ही रेच्यात कापूस घालायची. परवाच ती म्हणाली होती:

रेच्यात टाकला कापूस, सरकी पडली खाली
जगदेवरावाचं नाव घेते, भाकरीची येळ झाली

मग एका दिवशी त्यानं हिरीबाईला बोलावलं. "बाई, तुमची ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मी तिचं कलम करतो. कलम बावीस, उखाणा चाचणी. अकोल्याला, अमरावतीला, जिथं जिथं आपले पहारे आहेत तिथं लागू होईल."

हिरीबाईला क्षणभर बरं वाटलं. रंगूबाईची विद्या अमरावतीला निघाली. पण दुसऱ्या दिवशी त्यानं फाटकावर पुठ्ठा टांगला. सगळीकडे एकसारखं असावं म्हणून एकच उखाणा, त्याचा स्वतःचा:

शिस्तीचं झाड, नियमाचं पान
अमुकरावांचं नाव घेते, राखून फाटकाचा मान

"अमुकच्या जागी जिचा तिचा नवरा घालावा," त्यानं समजावलं.

"साहेब," हिरीबाई म्हणाली, "पाठ केलेलं नाव अडत नसते. जे मनातून काढा लागते तेच अडते. एवढं त पोपटालेबी येईन."

"एकसारखेपणा, बाई. मानक!"

चार दिवसांत साठही बाया शिस्तीचं झाड झोपेत म्हणायला लागल्या. नि ज्या दोघीचौघी जन्माच्या लबाड होत्या त्यांनी त्या चार दिवसांत एवढी रुई नेली, की एकीच्या घरी नवी गादी झाली. एकवीस वर्षांत जे झालं नव्हतं ते कलम बावीसनं केलं. वजनात घट आली. शेठनी उकंडरावला बोलावून विचारलं. त्यानं आपली वही उघडली.

वहीत त्यानं नावांपुढं तांबड्या फुल्या मारल्या होत्या. ज्या दिवशी जी बाई "नाव नाई घेत" म्हणाली, त्या दिवशी तिच्यापुढं फुली. आणि आता त्याला फुल्यांत काहीतरी दिसायला लागलं होतं.

"टोळी आहे शेठजी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पाहा. ही बाई तीनचार दिवस नाव घेत नाही. मग महिनाभर रोज घेते. मग पुन्हा तीनचार दिवस बंद. दुसरीचंही तेच, फक्त तारखा वेगळ्या. बारी लावून चोरी चालू आहे. एवढी शिस्त मी पलटणीत पाहिली नाही."

शेठनी चष्मा पुसला. घरात बायको होती, दोन सुना होत्या, म्हातारी आई होती. पण चष्मा पुसूनही त्यांना फुल्यांत फुल्याच दिसल्या.

*

त्याच संध्याकाळी ओळीत तुळसाबाई आली. आडोशात शिरून ती हळूच म्हणाली, "हिरामाय, आज नाव नाई घेत."

हिरीबाईनं मान हलवली. तुळसा बाहेर पडली, आणि बाहेर उकंडराव उभा होता.

"थांबा! कलम चौदा. जागेवर दहा उड्या."

"अवं माय," मागच्या बाया कुजबुजल्या.

"साहेब, तिचे पाय दुखून राह्यले," हिरीबाई आडोशातून धावत आली. "मी मारते उड्या. वीस मारते. टोपीसकट मारते."

"उड्या!"

तुळसाबाई दिवसभर उभी होती. तिनं एक उडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या उडीला लुगड्याच्या निरीतून मूठभर पांढरी रुई खाली पडली आणि वाऱ्यावर थोडी सरकली, कोंबडीचं पिल्लू सरकावं तशी.

उकंडरावनं शिट्टी फुंकली. एवढ्या जोरानं फुंकली, की लखीराम दचकून उठला आणि भिंतीला सलाम ठोकला.

*

शेठच्या पेढीत सगळे जमले. शेठ गादीवर, मुनीमजी उतरत्या मेजाशी. मधे तुळसाबाई, मान खाली, पदराचं टोक दातांत. उकंडरावनं रुई आपल्या रुमालात ठेवली होती, वर चिठ्ठी लावली होती: 'पुरावा'. दारात बाया दाटल्या होत्या आणि त्यांच्या मागं जगदेव, हमालाची पाठपट्टी अजून खांद्यावर. बायकोचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. कालपासून तो स्वतः भाकरी थापत होता, दोन बोटांना तव्याचा चटका ताजा होता. पण ठाऊक असणं निराळं नि शेठच्या पेढीत तोंडानं काढणं निराळं. तो आपल्या चटक्याकडं पाहत राहिला.

"हे चौकीवर जाईल," उकंडराव म्हणाला. "मुद्देमालासकट. प्रश्न हिरीबाईंचा आहे." त्यानं आवाज मऊ केला. त्याला हिरीबाईबद्दल खरंच आदर होता. "बाई, तुम्ही एवढंच म्हणा, की या बाईनं तुम्हाला फसवलं. अंगठा द्या. तुमची जागा राहते. उलट मी अकोल्याला लिहितो, हेड लेडी गार्ड करा म्हणून. आणि जर म्हणालात, की तुम्हाला ठाऊक होतं..." त्यानं हात पसरले. "मग टोपी, पट्टा, शिट्टी इथं ठेवायची. उद्यापासून अकोल्याची बाई बसेल. ती हातानं झडती घेते."

ती अकोल्याची बाई कशी असेल आणि तिचे हात कुठं कुठं जातील, हे साठही जणींना एका दमात दिसलं.

हिरीबाईला पहिल्यांदा थट्टा सुचली. तिला नेहमी पहिल्यांदा थट्टाच सुचायची.

"साहेब, मुठभर रुईची काय टोळी करता. याच्यात तुमच्या मिशाबी भरनार नाईत."

कोणी हसलं नाही.

"म्हातारी झाली मी. दिसलं नसन."

"म्हणजे फसवलं?" उकंडरावनं शाईची डबी पुढं सरकवली.

हिरीबाईनं अंगठा पदरात लपवला. जागा गेली तर पुढं काय, हे तिला माहीत होतं. घरी खाणारं तोंड एकच, तिचंच. पण ते तोंड दोन्ही वेळा उघडायचं. आणि अंगठा दिला तर तुळसा चौकीवर, फौजदारापुढं, चोर म्हणून. आणि तिसरं दार रंगूबाईनं बंद करून ठेवलेलं: बाप्या मानसाले सांगू नोको, मेली तरी.

"शेठजी," मुनीमजी हळूच म्हणाले, "बाई तशी वाईट नाही. एक डाव पुन्हा विचारून पाहा."

शेठ शिखरचंद मुंगी ओलांडून चालणारे गृहस्थ. कोणाला दुखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. "अरे भाई, बाई काही बोलेल तर ना. तुळसाबाई, का घेतली?"

तुळसानं मान आणखी खाली घातली.

मग उकंडरावला आपलं कलम आठवलं. त्याचा चेहरा उजळला. "चाचणी घेऊ या! सगळ्यांसमोर. बाई, नाव घ्या. न अडखळता घेतलंत तर मी वही मिटवतो, तुम्ही निर्दोष. कलम बावीस. चला. शिस्तीचं झाड..."

तुळसाबाईचे ओठ हलले नाहीत.

"नियमाचं पान..." त्यानं पुढं होऊन आठवण दिली.

तुळसाबाईनं डोळे मिटले. तिला तो उखाणा पाठ होता. दुसऱ्या दिवशी विचारता तर गाऊन दाखवला असता. पण आजचा दिवस तो नव्हता. ज्या माणसाचं नाव वेळेला घ्यायचं त्याचं नाव अवेळी जिभेवर आणलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. खरं असेल, खोटं असेल. पण जगदेव पाठीवर गठाणी वाहत होता, आणि त्या दाबलेल्या गठाणीखाली माणूस सापडला तर काय राहतं, ते तिनं गेल्या हंगामात पाहिलं होतं. चौकीवर जायला ती तयार होती. त्याचं नाव घ्यायला नव्हती.

मागं जगदेवनं खांद्यावरची पाठपट्टी काढून हातात घेतली.

"पाहा शेठजी!" उकंडराव म्हणाला. "नाव अडलं. यांचीच पद्धत, यांचाच न्याय. चोर सिद्ध."

आणि तेव्हा हिरीबाईच्या लक्षात आलं, की रंगूबाईची विद्या चोर धरायला होती, आणि या माणसानं ती नेमकी साव धरायला वापरली. रंगूबाईनं दोन गोष्टी दिल्या होत्या. हा माणूस एकीचा फास करून दुसरीच्या गळ्यात घालत होता. आता दोन्ही राखता येणार नव्हत्या.

तिनं टोपी काढली. पदर सारखा केला. शिट्टी गळ्यातून काढून गादीच्या कडेला ठेवली, त्यावर पट्टा. खाकी सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लागली तसे मुनीमजी घाईघाईनं छताकडं पाहायला लागले. आत चोळी होती, लुगडं होतं, रोजची हिरीबाई होती.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "कलम तेवीस."

उकंडरावनं सवयीनं पेन्सिल उचलली.

"बाईले महिन्यातले चार दिवस विटाळ येते. रगत जाते. लिवा ना. तुमच्या घरी जाते, शेठजी, तुमच्याबी घरी जाते. तुमच्या मायले गेलं नसतं त आज या गादीवर कोनी बसलं नसतं. त्याले फडकं लागते. जिच्या घरी फडकं पुरत नाई ते फडक्यात मूठभर रुई घालते. त्या दिवसात ते नाव घेत नाई. म्हून तुळसानं नाई घेतलं. तुमच्या वहीतल्या फुल्या त्याच्याच हायेत, साहेब. टोळी नोहे. बाया हायेत."

पेन्सिल थांबली होती. शेठनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि तो पुसत नव्हते. दारातल्या एका बाईनं पदर तोंडावर घेतला, तिच्या शेजारणीनं तो ओढून खाली केला.

"म्हणजे," उकंडराव खाकरला, त्याचे कान लाल झाले होते, "तुम्हाला ठाऊक होतं."

"एकवीस वर्सं ठाऊक व्हतं. रंगूबाईले त्याच्या पह्यले ठाऊक व्हतं. तिनं सांगितलं व्हतं, मेली तरी बोलू नोको. वर गेल्यावर भेटन तव्हा माहं मी पाहून घेईन. तिच्या शिव्या खाईन."

ती दाराकडं वळली. तिथं कोणी वाट अडवली नव्हती. पण ती पुन्हा फिरली. एकवीस वर्षं तट्ट्याच्या आडोशात साठ बायांपुढं जे कधी केलं नव्हतं ते तिनं पेढीच्या मधोमध केलं. दोन्ही हात आडवे पसरले.

"अन् हे रंगूबाईलेबी नाई सांगितलं कधी. जिची झडती घ्याले कोनी नव्हतं ना, त्या झडतीवालीनंबी नेली. दर महिन्याले एक मूठ. फाटक लावून, सगळ्यायच्या मागून, मीच मले सोडत जाय. दोन दिवाळ्या झाल्या, आता नाई लागत. घ्या शेठजी, आता माही झडती घ्या."